व्हॅलिडेटरचा कायदा कोणी वाचायचा?

वेबपाने ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये परिच्छेदाच्या ‘पी’ टॅगमध्ये एक डिव्ह, म्हणजे मजकुराचे गट पाडणारा टॅग, टाका, परिच्छेद नीट बंद करा आणि ते पान व्हॅलिडेटरला, म्हणजे टॅगांचे नियम तपासणाऱ्या प्रोग्रामला, द्या. उत्तर येते ते साधारण असे: बंद करणारा पी टॅग दिसला, पण उघडा पी कुठेच नाही. लिहिणारा चक्रावतो, कारण उघडणारा टॅग दोन ओळी वर त्याला स्वच्छ दिसत असतो. व्हॅलिडेटर खोटे बोलत नाही. एचटीएमएलच्या पार्सरला (टॅग वाचून पानाची रचना लावणाऱ्या भागाला) परिच्छेदात डिव्ह भेटला की तो चालू परिच्छेद स्वतःच मिटवून टाकतो, आणि मग मागाहून येणाऱ्या बंद टॅगला कोणी वाली उरत नाही. मूळ नियम अगदी साधा आहे: परिच्छेदात डिव्ह चालत नाही. पण संदेशात त्या नियमाबद्दल अवाक्षर नाही. नियम मोडल्यावर पुढे काय झाले, एवढेच तो सांगतो.

हा संदेश आणि तो नियम यांच्यामधली वाट दाखवण्याचे काम डॉक्युमेंटेशनचे. ते बहुतेक वेळा वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी लिहिलेले असते. व्हॅलिडेटर एका फाइलीवर निर्णय देतो, वाचक दुसरेच काहीतरी वाचत असतो, आणि या दोहोंचा मेळ राहतो की नाही हे लिहिणाऱ्याच्या चिकाटीवर सोडलेले असते. माझे म्हणणे दोन भागांत आहे. ज्या नियमफाइलीवर व्हॅलिडेटर चालतो, तिच्यातूनच वाचण्याजोगे डॉक्युमेंटेशन तयार व्हायला हवे. आणि ते खरोखर वाचण्याजोगे व्हावे म्हणून प्रत्येक नियमाचे कारण त्याच फाइलीत, नियमाला लागून, लिहिणे सक्तीचे हवे. पहिला भाग प्रोग्रामर मंडळींना चटकन पटतो. दुसरा ऐकला की कपाळाला आठ्या पडतात.

टॅगांच्या तपासणीचे एवढे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. ब्राउझर तर चुकीचे पानही गोड मानून दाखवतो. खरे आहे. व्हॅलिडेटरचा निकाल हा नुसता सल्ला असतो, तोवर त्याची भाषा कितीही रुक्ष असली तरी फारसे बिघडत नाही. पण निकाल जेव्हा प्रवेशाची अट बनतो, तेव्हा गोष्ट बदलते. मोबाइलवर झटपट उघडणाऱ्या पानांसाठी गूगलने 2015 साली जाहीर केलेल्या अ‍ॅम्पचे उदाहरण घ्या. अ‍ॅम्पच्या व्हॅलिडेटरमध्ये नापास झालेले पान कॅशमधून, म्हणजे साठवून ठेवलेल्या प्रतीतून, दिले जात नसे, आणि मोबाइलवरच्या ‘टॉप स्टोरीज’ पट्टीत दिसण्यासाठी 2021 पर्यंत पान अ‍ॅम्पचेच असावे लागे. म्हणजे बातमी वाचकापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचेल हे काही अंशी एक मजकूरफाइल ठरवत होती. कोणता टॅग चालेल, त्याचा पालक (तो ज्या टॅगच्या आत बसतो तो) कोण असावा, कोणते अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमध्ये लिहायची जादा माहिती) लागतील, सोबत कोणती स्क्रिप्ट जोडलेली हवी, हे सगळे त्या फाइलीत प्रोटोकॉल बफर या माहिती मांडण्याच्या पद्धतीच्या मजकुरी रूपात नोंदलेले असे. फाइल लपवलेली नव्हती. कोणीही उघडून पाहावी. पण हजारो ओळींची कंसांनी भरलेली फाइल सर्वांसमोर ठेवली म्हणजे ती सर्वांना वाचता आली असे होत नाही. बातम्यांचे पान लावणाऱ्या माणसाने ती वाचून आपले पान दुरुस्त करावे ही अपेक्षा हास्यास्पद आहे.

त्या रचनेत एक गोष्ट मात्र चांगली होती. नियमाच्या नोंदीत संबंधित माहितीपानाचा पत्ता देण्याची जागा होती, त्यामुळे चुकीच्या संदेशावरून थेट त्या पानावर जाता येई. दुवा होता. पण दुव्याच्या पलीकडचे पान हातानेच लिहिलेले, आणि हाताने लिहिलेले पान शिळे होते. अ‍ॅम्पमध्ये पानाच्या स्वतःच्या सीएसएसवर (सजावटीच्या सूचनांवर) आधी 50,000 बाइटची मर्यादा होती, नंतर ती 75,000 झाली. नियमफाइलीत हा बदल म्हणजे एका आकड्याचा फरक. बाहेर मात्र तो आकडा असंख्य लेखांत, धड्यांत, उत्तरांत विखुरलेला होता आणि जुना आकडा सांगणारे लिखाण अजूनही सापडते. एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला की त्यातला एक कधीतरी चुकणारच. यावर उपाय एकच. आकडा एकाच ठिकाणी लिहायचा आणि दुसरीकडे तो आपोआप उमटवायचा.

हा पेच अ‍ॅम्पने आणलेला नाही. डिसेंबर 1999 च्या एचटीएमएल 4.01 चे नियम डीटीडी नावाच्या व्याकरणात लिहिलेले होते. त्यात पी या नावापुढे एक आडवी रेघ आणि ओ हे अक्षर येई. अर्थ असा की उघडणारा टॅग लागतोच, बंद करणारा वगळला तरी चालेल. एसजीएमएल, म्हणजे हे व्याकरण जिच्यातून आले ती जुनी भाषा, न शिकलेल्याला ती छपाईची चूक वाटावी. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीचा त्या काळचा व्हॅलिडेटर जेम्स क्लार्क यांच्या पार्सरवर चालत असे आणि त्याचे संदेशही पार्सरच्याच बोलीत येत. पुढे तो व्हॅलिडेटर सांभाळणाऱ्यांनी संदेशांखाली साध्या भाषेत स्पष्टीकरणे जोडली. काम प्रेमाने केलेले होते, त्याचा उपयोगही झाला. पण तिथे स्पष्ट केला जाई तो संदेश. ‘हा टॅग इथे चालत नाही’ हा एकच संदेश शेकडो निरनिराळ्या नियमांच्या पोटी येऊ शकतो, म्हणून स्पष्टीकरणही ‘बहुधा असे झाले असावे, नाहीतर तसे’ अशा मोघम सुरातच राहते. विशिष्ट नियमाबद्दल बोलायचे तर नियमाच्या नोंदीपर्यंतच जावे लागते.

आपोआप तयार केलेल्या डॉक्युमेंटेशनचा सर्वांत मोठा फायदा ते ताजे राहते हा सांगितला जातो. मला त्याहून मोठा फायदा दुसरा वाटतो. स्कीमा, म्हणजे रचनेचे नियम मांडणारी फाइल, नेहमी एका दिशेने बोलतो: अमुक एलिमेंटच्या (टॅगने बनलेल्या घटकाच्या) आत काय काय चालते. लिहिणाऱ्याच्या मनातला प्रश्न उलटा असतो: माझ्या हातातला हा टॅग कुठे कुठे ठेवता येईल? लिंकच्या आत बटण चालते का, हे पाहा. एचटीएमएलमध्ये ए या एलिमेंटची सामग्री ‘पारदर्शक’ मानली जाते, म्हणजे पालकाला जे चालते ते त्यालाही चालते. पण त्याला अपवाद आहे: वापरकर्त्याने दाबण्या-भरण्याचे घटक, ज्यांना इंटरॅक्टिव्ह म्हणतात, ते त्याच्या पोटात कितीही खोल चालत नाहीत. आणि बटण त्या वर्गात मोडते, ही नोंद बटणाच्या माहितीत. तीन ठिकाणचे तीन धागे जोडल्यावर उत्तर मिळते: चालत नाही. एलिमेंट 100 च्या वर आहेत, म्हणजे जोड्याच 10,000 च्या पुढे गेल्या, आणि त्यात पारदर्शक टॅगांची साखळी धरली तर मोजदाद आणखी वाढते. हे हाताने कोणी लिहिणार नाही आणि लिहिले तर त्यावर विश्वास ठेवू नये. यंत्राला मात्र सगळे धागे एकत्र दिसतात. ‘बटण: कुठे चालते, कुठे नाही, आणि नाही ते कोणत्या नियमामुळे’ असे पान ते क्षणात मांडू शकते.

मग असे डॉक्युमेंटेशन इतके बदनाम का? कारण बहुतेक वेळा ते तयार केले जाते, रचले जात नाही. नियमफाइलीतली प्रत्येक नोंद घ्यायची, तिचा तक्ता करायचा, तक्ते अकारविल्हे लावायचे. एक ना धड भाराभर चिंध्या. अ‍ॅम्पच्या फाइलीत स्क्रिप्ट या एकाच टॅगला प्रत्येक जोड-घटकासाठी वेगळी नोंद आहे. डॉक्युमेंटेशन तयार करणाऱ्या भोळ्या प्रोग्रामने, म्हणजे जनरेटरने, तीवर हात फिरवला तर स्क्रिप्ट नावाची पानेच पाने निघतील आणि वाचकाला हवे ते त्यातले कोणते हे कळणार नाही. अ‍ॅट्रिब्यूटचे मूल्य कसे असावे हे सांगायला रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा साचा सांगणारे सांकेतिक सूत्र) जसेच्या तसे छापणे हा तर निव्वळ आळस. फाइलीची मांडणी तपासनिसाच्या सोयीने झालेली असते. वाचकाच्या सोयीने ती पुन्हा लावणे हे संपादकाचे काम आहे, फक्त ते कोडमध्ये करायचे आहे.

आणि ते जमते, याचे पुरावे आहेत. आज एचटीएमएलचे मानक लिहिणारा वॉटडब्ल्यूजी हा गट त्या मानकाची वेब डेव्हलपरांसाठी एक वेगळी आवृत्ती देतो. ब्राउझर बनवणाऱ्यांसाठीचा पार्सिंग वगैरे मजकूर तिच्यातून गाळलेला असतो, पण मूळ स्रोत एकच. हेन्री सिव्होनेन यांच्या व्हॅलिडेटर डॉट एनयूने उलटी वाट धरली. चूक सापडली की तो संदेशाखाली त्या एलिमेंटचा वापर कुठे करता येतो आणि त्यात काय चालते, हे थेट मानकाच्या मजकुरातून उचलून दाखवतो. ही कल्पना मला फार आवडते, जरी तिच्यात एक कच्चा दुवा आहे. तपासणी स्कीमावरून होते आणि उतारा मानकातून येतो, म्हणजे निकाल देणारा एक आणि समजावणारा दुसरा, ही फारकत तिथेही राहतेच.

इथवर पहिला भाग झाला. आता त्यातली खरी अडचण, जी जनरेटरच्या समर्थकांना बोलायला आवडत नाही. नियमफाइलीत सगळे नियम नसतात.

एसजीएमएलच्या डीटीडीत एक सोय होती: एखादे एलिमेंट दुसऱ्याच्या पोटात कोणत्याही खोलीवर नको, असे तिथे लिहिता येई. एचटीएमएल 4 मध्ये लिंकच्या आत लिंक नको हा नियम असाच लिहिलेला होता. जानेवारी 2000 मध्ये एक्सएचटीएमएल 1.0, म्हणजे एक्सएमएल या काटेकोर भाषेच्या नियमांत बसवलेले एचटीएमएल, आले. एक्सएमएलच्या डीटीडीत ही सोय नव्हती. नियम रद्द झालेला नव्हता, पण व्याकरणात मावत नव्हता. म्हणून तो, आणि फॉर्ममध्ये फॉर्म नको, लेबलमध्ये लेबल नको यांसारखे त्याचे भाऊबंद, एका परिशिष्टात साध्या इंग्रजी वाक्यांत लिहून ठेवले गेले. परिणाम असा की लिंकच्या आत एखादा स्पॅन आणि त्याच्या आत पुन्हा लिंक, असे पान डीटीडीवर चालणाऱ्या व्हॅलिडेटरमधून बिनबोभाट पास होई. त्या डीटीडीतून कोणी डॉक्युमेंटेशन तयार केले असते, तर त्यात हा नियमच नसता. वाचकाने समजून चालायचे की असे करता येते.

आजचे एचटीएमएल मानक याबाबत बरेच प्रामाणिक आहे. ते अटींचे तीन प्रकार मानते: डीटीडीत मांडता येतात त्या, डीटीडीत मांडता येत नाहीत पण यंत्राला तपासता येतात त्या, आणि फक्त माणसालाच तपासता येतात त्या. ब्लॉककोटमध्ये खरोखर कोणाचे उद्धरण आहे की नुसता समास हवा म्हणून तो टॅग वापरलाय, हे यंत्र कसे सांगणार? तेव्हा नियमफाइलीतून निघालेल्या पानावर तपासणी कुठवर जाते तेही छापलेले हवे. त्यासाठी तिसऱ्या प्रकारच्या अटीही त्याच फाइलीत यायला हव्यात, ‘यंत्र हे पाहत नाही’ अशा शेऱ्यासह. तपासनिसाला त्या ओळी निरुपयोगी असतील. वाचकाला नसतील.

आणि आता कारणाकडे. चित्राला आल्ट अ‍ॅट्रिब्यूट हवे, म्हणजे चित्र न दिसणाऱ्याला त्याच्या जागी शब्द मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण वॉटडब्ल्यूजीच्या मानकात या नियमाला एक विचित्र अपवाद आहे. पाने तयार करणाऱ्या साधनाला योग्य आल्ट देता आले नाही असे सांगणारे ‘generator-unable-to-provide-required-alt’ हे लांबलचक अ‍ॅट्रिब्यूट चित्रावर असेल, तर तपासनिसाने आल्ट नसल्याची चूक दाखवलीच पाहिजे असे नाही. नुसता नियम वाचला तर हा अन्याय वाटतो. हाताने लिहिणाऱ्याला दंड, आणि यंत्राने पाने ओतणाऱ्याला माफी? कारण कळले की चित्र पालटते. साधनाला चित्रात काय आहे ते माहीत नसते. तरीही आपली पाने पास व्हावीत असे त्याच्या निर्मात्याला वाटणार, आणि मग तो प्रत्येक चित्रावर ‘चित्र’ किंवा फाइलीचे नाव असला कचरा चिकटवून मोकळा होणार. व्हॅलिडेटर खूश, आणि पडद्यावरचे वाचून घेणारा माणूस पहिल्याहून वाईट अवस्थेत. आल्ट मुळीच नसणे हे निदान प्रामाणिक असते. हा अपवाद बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, मला तो पूर्ण पटलेला नाही. पण कारण समोर असेल तरच वाद घालता येतो.

नियमफाइलीत हे दिसेल कसे? ‘अमुक अ‍ॅट्रिब्यूट असल्यास चूक दाखवली नाही तरी चालेल’ असे. बस. यावरून जनरेटर कितीही हुशारीने लिहिला तरी माणसांच्या वागण्याबद्दलचा तो अंदाज त्यातून निघणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून माझा आग्रह असा की ‘कारण’ हा नियमाच्या नोंदीतला ऐच्छिक शेरा नसावा. जसे टॅगचे नाव नसेल तर फाइल वाचताच येत नाही, तसेच कारण नसेल तर ती बिल्ड होऊ नये, म्हणजे तिच्यातून पुढचे काही तयारच होऊ नये. दोन-तीन वाक्ये पुरतात: हे का, कोणाचे नुकसान टाळायला, आणि कोणती परिस्थिती बदलली तर हा नियम नको.

यावर आक्षेप येतात ते मला ठाऊक आहेत. कारणे मानकात आणि जुन्या चर्चांत नोंदलेली असतातच, मग पुन्हा का लिहायची? कारण नियम मोडलेला माणूस त्या क्षणी तिथे नसतो, तो संदेशासमोर असतो. दुसरा आक्षेप वजनदार आहे: सक्ती केली की लोक रिकामी जागा भरल्यासारखे ‘मानकानुसार आवश्यक’ असे लिहून टाकतील. टाकतील. पण ते वाक्य सर्वांसमोर छापले जाईल, आणि नियम फाइलीत घेण्यापूर्वी तपासणाऱ्याला त्यावर बोट ठेवता येईल. आज बोट ठेवायला जागाच नाही.

तिसरा आक्षेप हल्लीचा. नियमफाइल एआयला द्या, तो सुरेख गद्य लिहून देईल. देईल खरे. नियमांची उलटसुलट मांडणी, सोपी वाक्ये, दुसऱ्या भाषेतले रूपांतर यांत त्याची मदत घ्यायला माझी हरकत नाही. उलट ‘अमुक हे तमुकच्या आत चालत नाही’ असल्या साच्यात शब्द भरून तयार केलेली वाक्ये विभक्तीच्या भाषांत किती ओबडधोबड होतात हे पाहता ती मदत हवीच. पण कारण फाइलीत नसेल तर तो ते बनवेल, आणि पटेल असे बनवेल. वरच्या आल्टच्या अपवादाला ‘साधनांनी तयार केलेली पाने आधीच तपासलेली असतात म्हणून’ असे कारण त्याने दिले, तर कितीजण शंका घेतील? तक्ता वाचून माणूस निदान आपल्याला कळले नाही हे ओळखतो.

गद्याचे खरेखोटेपण यंत्राने तपासता येत नाही, उदाहरणाचे येते. म्हणून कारणासोबत प्रत्येक नियमाला दोन छोटे नमुने हवेत: पास होणारा आणि नापास होणारा. पान तयार होताना दोन्ही त्याच व्हॅलिडेटरमधून जावेत, आणि नापास नमुन्याने नेमका अपेक्षित संदेशच द्यावा, नाहीतर बिल्ड थांबावी. यात नवे फारसे नाही. अ‍ॅम्पच्या कोडसोबत चाचणीची पाने आणि त्यांचे अपेक्षित निकाल जोडीने ठेवलेले आहेतच. ते फक्त प्रोग्रामरांच्या फोल्डरमध्ये पडून असतात, वाचकासमोर येत नाहीत. सुरुवातीचे परिच्छेद-डिव्हचे उदाहरण अशा जोडीत छापले, तर ‘उघडा पी कुठेच नाही’ हा संदेश शोधणारा माणूस सरळ नियमावर पोहोचेल, कारण तो संदेश त्या पानावर शब्दशः असेल.

जुन्या नियमांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. शेकडो नोंदींची कारणे एका बैठकीत लिहून होणार नाहीत, आणि काहींची कोणालाच आठवत नसतील. तिथे छापील पानावर ‘कारण नोंदलेले नाही’ असे ठळक यावे. नामुष्की वाटली तर वाटू द्यावी. एचटीएमएल 4.01 मध्ये स्क्रिप्ट टॅगवर टाइप हे अ‍ॅट्रिब्यूट अनिवार्य होते, कारण पानात निरनिराळ्या स्क्रिप्ट भाषा येतील असे तेव्हा गृहीत होते. तसे झाले नाही, जावास्क्रिप्टच राहिली. आज तेच अ‍ॅट्रिब्यूट जावास्क्रिप्टसाठी लिहिले तर व्हॅलिडेटर ते अनावश्यक असल्याची सूचना देतो. मधल्या वर्षांत कितीतरी लोक ते इमानेइतबारे टंकत राहिले. ‘पानात एकापेक्षा जास्त स्क्रिप्ट भाषा येतील म्हणून’ एवढी ओळ नियमाशेजारी असती, तर त्याची मुदत संपलीय हे त्यातल्या कोणालाही दिसले असते, आणि तो काढून टाका अशी मागणी करायला मानक लिहिणाऱ्यांच्या बैठकीत बसावे लागले नसते.